खोटी शिवराई आणि तिचे गिऱ्हाईक

#थ्रेड

नगर जिल्ह्यात जुनी नाणी जमवणाऱ्याचा श्रीगणेशा बहुधा शिवराईनेच होतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची माळ. तांब्याचे हे नाणे शिवकाळात सुरू झाले, पेशवाईभर चालले आणि इंग्रजी अमलातही दख्खनच्या बाजारांत अनेक दशके फिरत राहिले. म्हणूनच ते आजही सहज मिळते आणि विद्यार्थ्याच्या खिशालाही परवडते.

साध्या शिवराईची नक्कल करण्यात लबाड विक्रेत्याला फारसा नफा नाही. तो दोन युक्त्या करतो. अस्सल पण उत्तरकालीन शिवराई ‘राज्याभिषेकाच्या वेळची’ म्हणून विकतो, किंवा कोणत्याही ग्रंथात नसलेला ‘दुर्मीळ प्रकार’ स्वतःच घडवतो. पहिल्या युक्तीत नाणे खरे असते, खोटी असते ती फक्त त्याची गोष्ट.

हे खपते कसे? त्याचे कारण मराठेशाहीच्या चलनव्यवस्थेतच आहे. टांकसाळ म्हणजे नेहमी सरकारी कारखाना नव्हे. पेशवे सोनार-सावकारांना ठरावीक मुदतीचे परवाने देत, त्याबद्दल रक्कम घेत. दूरच्या मुलखात परवान्याविनाही टांकसाळी चालत. कर्नाटकातील अशा टांकसाळींतून हिणकस नाणी फार निघू लागली, तेव्हा १७६५ च्या सुमारास त्या बंद करून धारवाडास एक मुख्य टांकसाळ नेमण्याचा हुकूम सुटला. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठेशाहीतील टांकसाळींवर लिहिलेल्या निबंधात हा सारा व्यवहार आला आहे.

इतके हात लागल्यावर एकसारखेपणा कुठून राहणार? ‘शिव’चे ‘सिव’ होते, ‘पति’चे ‘पती’ होते, वजन काळानुसार उतरत जाते. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर स्वतंत्र प्रकार म्हणूनच ओळखली जाते. अस्सल नाण्यांतच एवढे वैविध्य असल्यामुळे बनावट नाण्यातली चूकसुद्धा ‘नवा प्रकार’ म्हणून मिरवता येते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाण्यांवरील ग्रंथ १९८९ साली नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तर नवशिक्याला ताडून पाहण्यासाठी हाताशी फारसे काही नव्हते.

तरी खोटे नाणे बोलते. जुनी शिवराई ठोकीव आहे: तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरून हातोड्याचा घाव घातलेली. घाव प्रत्येक वेळी निराळा बसतो. कुठे अक्षर चकतीबाहेर जाते, कुठे कड चिरते. बनावट नाणे पुष्कळदा ओतीव असते. त्यावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, काठावर साच्याचा सांधा घासून काढल्याची खूण राहते. सगळ्यांत मोठा पुरावा मात्र एका नाण्यात दिसतच नाही, त्यासाठी दोन लागतात. एकच चीर, एकाच जागी, दोन नाण्यांवर आढळली की दोन्ही एका साच्यातली किंवा एक दुसऱ्याची नक्कल. म्हणून लबाड विक्रेता एका गावात असा एकच नग विकतो. दुसरा दुसऱ्या गावात जातो आणि दोन्ही गिऱ्हाइके एकमेकांना आपला ठेवा दाखवत नाहीत.

काही वेळा भिंगसुद्धा लागत नाही, शाळेतला इतिहास पुरतो. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेली आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे छापलेली १६१६, १७१७, १८१८ सालची ‘नाणी’ आजही मोठ्या किमतीला गळ्यात मारली जातात. ती तांदूळ ओढून घेतात, अशीही थाप असते. १६१६ साली मुंबई पोर्तुगीजांकडे होती. कंपनीला ती १६६८ साली मिळाली. कंपनीने असे रामदरबाराचे चलन कधी काढलेच नाही. एक आण्याचे निकेलमिश्रित नाणे तर १९०७ साली व्यवहारात आले. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेलाही ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले.

पैसे बुडाले, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. प्रवरेकाठच्या नेवाशात १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तिथे ‘सातवाहन’ असे राजाचे नाव असलेले नाणे जमिनीच्या निश्चित थरात मिळाले. त्या वंशाचा आरंभ कोणापासून धरावा, या वादात त्या नाण्याला वजन आले ते त्या थरामुळे. ते धातूचे तेवढेच आणि तसेच नाणे बाजारात आले असते, तर केवळ एक नग ठरले असते. ‘नेवाशाच्या पांढरीत पावसानंतर उघडे पडले’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा नेमका याच पुराव्याचा आव आणला जातो. थापेवर विसंबून कोणी टिपण लिहिले की खोटे स्थळ नकाशावर चढते आणि पुढचा अभ्यासक ते खरे धरतो. शिवाय नाणे खरोखरच जमिनीत सापडले असेल आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांवरील वस्तूंचा व्यापार करणाऱ्यालाही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. म्हणजे पांढरीची गोष्ट खरी असली, तरी ती सांगणारा अडचणीतच असतो. परवाना आणि सही केलेली पावती मागताच कित्येक गोष्टी तिथेच आटोपतात.

युरोपातही हा रोग जुना. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कारागिराने ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे इतके उत्तम कोरले की मोठमोठे संग्राहक फसले. नवी नाणी जुनाट दिसावीत म्हणून तो ती पेटीत घालून घोडागाडीतून फिरवी, असे सांगतात. तिथल्या अभ्यासकांनी फसवणूक झाकली नाही. १८४३ साली पिंडर यांनी बेकरच्या खोट्या नाण्यांची यादीच पुस्तकरूपाने छापली.

आपल्याकडे फसलेला संग्राहक बहुधा गप्प बसतो. फार तर तोच नग निम्म्या किमतीत एखाद्या नवशिक्याच्या हाती देतो, आणि मग लबाड कोण, हे सांगणे अवघड होते. चलनातील खोट्या नाण्याबाबत १९०६ चा नाणे कायदा स्पष्ट होता: अधिकृत माणसाने ते कापावे किंवा मोडावे, तुकडे आणणाऱ्याला परत करावेत आणि तोटा त्यानेच सोसावा. सराफही संशयित रुपयावर टोचा मारून पाहत. अशा टोच्यांचे रुपये आज संग्रहांत पाहायला मिळतात. संग्रहातल्या खोट्या शिवराईवर असा टोचा मारणारे कोणी नाही. ती पाकिटात घालून वर ‘बनावट’ असे लिहायचे आणि कोणाकडून, कुठे, किती रुपयांना घेतली हे त्याखाली नोंदवायचे, एवढे काम मात्र ज्याच्या हाती ती आहे त्यालाच करता येते.