सहा कोटींतले 340

जेम्स लाँगलीबद्दल सर जरा जास्तच बोलतात, अशी आमच्या संख्याशास्त्राच्या वर्गातल्या मुलांची तक्रार असे. असू दे. लाँगली अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्युरोतला. त्याने 1947 ते 1962 या सोळा वर्षांचे आकडे घेतले: किमतींचा निर्देशांक, राष्ट्रीय उत्पादन, बेरोजगार, सैन्यबळ, लोकसंख्या आणि चक्क सालाचा आकडा. या सहांवरून रोजगार काढायचा. टेबलावरच्या गणनयंत्रावर त्याने चिकाटीने उत्तर काढलं आणि मग तेच आकडे त्या काळच्या संगणक प्रोग्रॅमना घातले. 1967 साली त्याने निकाल छापला: चारांचा अपवाद सोडला, तर कुणाचं उत्तर कुणाशी एकाही अंकात जुळेना.

सालाचाच स्तंभ घ्या. या सोळा सालांच्या वर्गांची बेरीज 6,11,21,464 येते. त्यातले 6,11,21,124 हे नुसत्या सरासरीचे, म्हणजे 1954.5 चे. सालं एकमेकांपासून किती दूर आहेत, ही रिग्रेशनला हवी असलेली गोष्ट उरलेल्या 340 मध्ये. यंत्र जेमतेम आठ अंक धरणारं. बेरजेत शेवटचे दोन-तीन अंक घसरले की 340 ची वाट लागलीच. आणि हा तर गरीब स्तंभ. राष्ट्रीय उत्पादनाच्या सहा अंकी आकड्यांचा वर्ग अकरा-बारा अंकी होतो, शिवाय बहुतेक स्तंभ वर्षागणिक एकत्रच चढतात. मग सहगुणकाचं चिन्ह उलटलं तर नवल काय?

औषध तेव्हाच ठाऊक होतं. प्रत्येक स्तंभातून आधी त्याची सरासरी वजा करायची. त्याहून पक्कं म्हणजे वर्गांच्या बेरजांचा तक्ता मुळात मांडायचाच नाही, क्यूआर विघटन वापरायचं. जीन गोलबने 1965 साली ती रीत छापलीही होती.

एक्सेलच्या लाइनेस्ट या रिग्रेशन काढणाऱ्या फंक्शनने मात्र 2003 ची आवृत्ती येईपर्यंत जुनीच वाट धरली. मला याचा अजून राग येतो. मॅक्कलो आणि विल्सन यांनी 1999 साली एक्सेल 97 तपासलं. तोवर अंकांची जागा पंधरापर्यंत वाढलेली, त्यामुळे लाँगलीचे सातेक अंक बरोबर आले. पण अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या चाचणीसंचातल्या 'फिलिप'वर, म्हणजे 82 निरीक्षणं आणि दहाव्या घातापर्यंतची बहुपदी, एकही अंक बरोबर नाही! स्थिरांक शून्य धरायला सांगितलं, तर आर-वर्ग कधी ऋणही यायचा. वर्ग आणि ऋण! तरी लोक तो अहवालात चिकटवत.

आता कुणी वाकडं उत्तर घेऊन आलं, की मी आधी विचारतो, सालाऐवजी साल वजा सरासरी घालून पाहिलंत का? सहगुणक शून्य आणि त्याची प्रमाण त्रुटीही शून्य दिसली, तर तो स्तंभ इतरांतूनच बनलेला म्हणून एक्सेलने गाळलाय. तिथे दुरुस्ती सॉफ्टवेअरची नाही, तुमच्या स्तंभांची. आणि कोणतंही नवं सॉफ्टवेअर हाती आलं की लाँगलीचा तक्ता चढवायचा. स्थिरांक −34,82,258.63 आणि सालाचा सहगुणक 1829.15 यायला हवा. तेवढं जमलं की फिलिप.