द पोलीसचा ‘सिंक्रोनिसिटी’: १९८३चा अल्बम एकत्र बसून ऐकायचा आणि गुण द्यायचे कसे?

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे नाव ओळखीचं वाटलं नाही, तरी त्यातला गिटारचा तुकडा तुम्ही नक्की ऐकला असेल. रील्सवर, कॅफेत, लग्नाच्या व्हिडिओत किंवा ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो मात्र अनेकांनी पूर्ण ऐकलेला नसतो. अल्बमचं नाव ‘सिंक्रोनिसिटी’, बँडचं नाव ‘द पोलीस’ आणि साल १९८३.

जुने अल्बम मित्रमंडळींसोबत पुन्हा ऐकायचे, प्रत्येक गाण्याला गुण द्यायचे आणि त्यावर वाद घालायचा, हा छंद अलीकडे वाढतो आहे. करंजाडेसारख्या नव्या वस्तीत तो सहज जमतो. सोसायटीत वेगवेगळ्या गावांतून आलेली, वेगवेगळं ऐकत वाढलेली माणसं असतात. चार-पाच जण, एक बरा स्पीकर आणि ४० मिनिटं एवढंच लागतं. पण गुण कसे द्यायचे? सरासरी काढली की काम संपलं का? ‘सिंक्रोनिसिटी’च्या उदाहरणावरून ते पाहूया.

द पोलीस कोण होते?

लंडनमध्ये १९७७ साली सुरू झालेला हा तिघांचा बँड. स्टिंग गायचा आणि बेस गिटार वाजवायचा, अँडी समर्स गिटारवर आणि स्ट्युअर्ट कोपलंड ड्रमवर. पंक रॉकचा वेग आणि जमैकाच्या रेगे संगीताचा ठेका यांच्या मिश्रणातून त्यांनी स्वतःचा आवाज घडवला.

या बँडचा मुंबईशीही संबंध आहे. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ने मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर कार्यक्रम केला. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या संस्थेने तो आयोजित केला होता. त्या काळात परदेशी रॉक बँड भारतात क्वचितच येत. त्यामुळे मुंबईच्या रॉक श्रोत्यांमध्ये त्या संध्याकाळची आठवण आजही निघते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले.

मुंबईत वाजवून गेल्यानंतर तीन वर्षांनी हा बँड जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एक झाला होता, आणि आतून तुटतही होता. ‘सिंक्रोनिसिटी’ हा त्यांचा पाचवा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम.

अल्बम कसा तयार झाला?

डिसेंबर १९८२ ते फेब्रुवारी १९८३ या काळात तो ध्वनिमुद्रित झाला. बहुतेक काम कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत झालं. हा स्टुडिओ बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा. पुढचं काम कॅनडातल्या क्विबेकमध्ये झालं. ह्यू पॅडगॅम यांनी बँडसोबत निर्मिती केली.

तिघे एका खोलीत बसून वाजवत नव्हते. कोपलंडचे ड्रम जेवणाच्या खोलीत, समर्स स्टुडिओत आणि स्टिंग कंट्रोल रूममध्ये. आवाज वेगवेगळे टिपता यावेत हे त्याचं तांत्रिक कारण. पण स्टिंग आणि कोपलंड यांचं आपसात अजिबात पटत नव्हतं, हेही तितकंच खरं. हे माहीत असेल तर अल्बममधली मोकळी जागा आणि ताण वेगळा ऐकू येतो.

‘सिंक्रोनिसिटी’ हा शब्द मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा. एकमेकींना कारण नसलेल्या दोन घटना एकाच वेळी घडतात आणि त्यात अर्थ जाणवतो, अशा योगायोगाला त्यांनी हे नाव दिलं. अल्बमच्या मुखपृष्ठावर स्टिंग युंग यांचं पुस्तक वाचताना दिसतो.

जून १९८३ मध्ये अल्बम बाजारात आला. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ जोरात असतानाही तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ गाण्यांच्या यादीत सलग ८ आठवडे अव्वल होतं आणि त्याला साँग ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला. सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मात्र ‘थ्रिलर’कडे गेला.

ऐकण्याआधी काय ठरवायचं?

१. आवृत्ती एकच हवी. मूळ तबकडीत १० गाणी होती आणि शेवट ‘टी इन द सहारा’ने होत असे. कॅसेट आणि सीडीवर ‘मर्डर बाय नंबर्स’ हे अकरावं गाणं जोडलं गेलं. २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या आवृत्तीत तर डेमो आणि लाइव्ह गाण्यांची भर आहे. कुठे थांबायचं ते आधी ठरवा.

२. शफल बंद करा. तबकडीला दोन बाजू असतात. इथे पहिल्या बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला चार गाणी आहेत. हा क्रम विचार करून लावलेला आहे.

३. एकदा एकट्याने ऐकून या. पनवेल ते सीएसएमटी हार्बर लोकलच्या एका फेरीत हा अल्बम जवळजवळ दोनदा ऐकून होतो.

४. गुण आधी लिहा, चर्चा नंतर. पहिल्या माणसाने मोठ्याने ‘नऊ’ म्हटलं की बाकीचे आपोआप आठच्या आसपास जातात. प्रत्येकाने गाणं संपताच कागदावर किंवा फोनमध्ये गुण टिपावेत आणि बाजू संपल्यावरच उघड करावेत.

पहिली बाजू: सहा गाणी

सिंक्रोनिसिटी १. सीक्वेन्सरचा वेगवान ठेका आणि युंगची कल्पना थेट शब्दांत. सुरुवात म्हणून भन्नाट. गुण ८.

वॉकिंग इन युअर फूटस्टेप्स. डायनासोरना उद्देशून गाणं. ते नष्ट झाले, अणुबॉम्बच्या काळात माणसाचंही तसंच होणार का, हा प्रश्न. कल्पना मोठी, चाल मात्र फारशी बदलत नाही. गुण ६.

ओ माय गॉड. बेसची ओळ लक्षात राहते. शेवटी सॅक्सोफोन मोकाट सुटतो. गुण ६.

मदर. समर्सने लिहिलेलं आणि त्यानेच गायलेलं, खरं तर किंचाळलेलं गाणं. आईच्या सततच्या फोनने वैतागलेला माणूस. याला सात मात्रांचा ठेका आहे. आपल्या रूपक तालातही सात मात्रा असतात, त्यामुळे मोजायला आपल्याला ते परकं नाही. ऐकायला मात्र कानाला बोचतं. गुण ४.

मिस ग्रॅडेन्को. कोपलंडचं, जेमतेम दोन मिनिटांचं. सोव्हिएत नोकरशाहीत गुपचूप चाललेली जवळीक. मागची गिटार नीट ऐका. गुण ६.

सिंक्रोनिसिटी २. उपनगरातलं घर, सकाळचा कलकलाट, कारखान्यातला अपमान, घरी परतताना गाड्यांची गर्दी. आणि दूर स्कॉटलंडच्या तळ्यातून वर येणारा एक राक्षस. माणसाच्या मनात जे साचतंय तेच तळ्यात हलतंय. सायन-पनवेल महामार्गावर रोज तास-दीड तास काढणाऱ्यांना हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. गुण ९.

दुसरी बाजू: चार गाणी

एव्हरी ब्रेथ यू टेक. हे प्रेमगीत नाही. सोडून गेलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक हालचालीवर कुणीतरी नजर ठेवून आहे, असा त्याचा आशय. गाणं पाळत आणि मालकीच्या भावनेबद्दल आहे, हे स्टिंगने अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. जमैकातल्या गोल्डनआय या घरात त्याने ते लिहिलं, तेव्हा त्याचं स्वतःचं लग्न मोडत होतं. चाल इतकी मवाळ आहे की शब्दांकडे लक्ष जात नाही आणि म्हणूनच ते लग्नांत वाजतं. गुण १०.

किंग ऑफ पेन. सूर्यावरचा काळा डाग बघून स्वतःचं दुःख आठवणारा माणूस. सुरुवात जवळजवळ रिकामी, मग एकेक वाद्य येत जातं. गुण ९.

रॅप्ड अराउंड युअर फिंगर. गुरू आणि शिष्य, आणि शेवटी उलटलेली सत्ता. कोपलंडचे अत्यंत संयत ड्रम. गुण ८.

टी इन द सहारा. पॉल बोल्स यांच्या ‘द शेल्टरिंग स्काय’ या कादंबरीतल्या गोष्टीवर आधारलेलं. तीन बहिणी वाळवंटात चहासाठी कुणाची तरी वाट बघत राहतात. अल्बम संपत नाही, विरून जातो. गुण ८.

गुणांचा हिशेब काय सांगतो?

पहिल्या बाजूची बेरीज ३९, म्हणजे सरासरी ६.५. दुसऱ्या बाजूची बेरीज ३५, सरासरी ८.७५. दहाही गाण्यांची सरासरी ७.४.

मग अल्बमला ७.४ द्यायचे का? इथे तीन अडचणी येतात.

पहिली, लांबी. दोन मिनिटांचं ‘मिस ग्रॅडेन्को’ आणि पाच मिनिटांचं ‘सिंक्रोनिसिटी २’ यांना सरासरीत सारखंच वजन मिळतं. प्रत्यक्ष ऐकताना तसं होत नाही.

दुसरी, क्रम. ‘मदर’चा कर्कशपणा सोसल्यानंतर ‘सिंक्रोनिसिटी २’ येतं आणि त्यानंतर बाजू बदलून ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ची शांतता. आधीच्या गोंधळामुळेच ती शांतता संशयास्पद वाटते. एकटं ऐकलेलं गाणं गोड वाटतं, अल्बममध्ये ऐकलेलं भीतीदायक. हा परिणाम कुठल्याच एका गाण्याच्या गुणांत धरता येत नाही. म्हणून संपूर्ण अल्बमला वेगळा गुण द्यायला हवा. या लेखाच्या हिशेबाने तो ८.५.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मतभेद. समजा पाच जणांनी ‘मदर’ला २, ३, ९, २ आणि ८ गुण दिले. बेरीज २४, सरासरी ४.८. आता समजा दुसऱ्या एखाद्या गाण्याला त्याच पाच जणांनी ५, ५, ५, ४ आणि ५ दिले. बेरीज तीच, सरासरी तीच. पण दुसऱ्या गाण्याबद्दल कुणाला फारसं काही वाटलेलं नाही, आणि ‘मदर’वरून जेवण थंड होईपर्यंत वाद होणार आहे.

म्हणून सरासरीशेजारी आणखी एक आकडा लिहा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांमधलं अंतर. ‘मदर’चं अंतर ७, दुसऱ्या गाण्याचं १. ज्या गाण्याचं अंतर सर्वांत मोठं, ते पुन्हा लावा. नऊ देणाऱ्याने आधी बोलावं, दोन देणाऱ्याने नंतर. मग वाटल्यास गुण बदलायची मुभा द्या, पण जुना आकडा खोडू नका. दोन्ही राहू द्या. मत कुठून कुठे गेलं, हीच त्या संध्याकाळची नोंद असते.

श्रेय कुणाचं, हाही प्रश्न गुणांत येतो का?

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ ज्या गिटारमुळे ओळखलं जातं ती समर्सची कल्पना, पण गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं. १९९७ मध्ये पफ डॅडीने तोच तुकडा वापरून ‘आय’ल बी मिसिंग यू’ केलं आणि ते जगभर गाजलं. गाण्याच्या रचनेचं मानधन स्टिंगकडे गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बीएमआय या संस्थेने ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे आपल्या संग्रहातलं सर्वाधिक वाजलेलं गाणं असल्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये समर्स आणि कोपलंड यांनी मानधनावरून लंडनच्या हायकोर्टात स्टिंगविरुद्ध दावा दाखल केला.

चाल आणि शब्द म्हणजे गाणं, की ते ज्या रीतीने वाजवलं गेलं तेही गाणंच? गुण देताना हे स्वतःला विचारून बघा. गिटार काढून टाकली तर तुमचे दहा किती उरतात? आपल्याकडे संगीतकाराचं नाव सर्वांना माहीत असतं, संगीत संयोजकाचं फार कमी लोकांना. प्रश्न तोच आहे.

पुढच्या बैठकीला काय ऐकायचं?

त्याच दशकातला आपल्या जवळचा पर्याय हवा असेल तर गोव्याचे रेमो फर्नांडिस यांचा ‘गोवन क्रेझी’ घ्या. १९८४ चा हा अल्बम त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवला. किंवा मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा १९८८ चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ घ्या. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ नावाने ओळखला गेला.

तीन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत होती, तेव्हा ‘सिंक्रोनिसिटी’ घडला. तुम्ही तो एका खोलीत बसून ऐका. फोन सायलेंटवर, आणि वाद रंगला तरी रात्री दहानंतर स्पीकरचा आवाज कमी.