ऑपरेशन पोटाचं, मग आवाज का बसतो?

पित्ताशयाचं ऑपरेशन पोटावर होतं, पण शुद्धीवर आलेला पेशंट घसा धरून बसतो आणि आवाज घोगरा येतो. नातेवाईक घाबरतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: पूर्ण भूल देताना घशातून घातलेली श्वासाची नळी.

नळी जाते कुठून?

पूर्ण भुलीत स्नायू सैल करणारं औषध दिलं की पेशंटला स्वतःहून श्वास घेता येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालतात आणि मशीनने श्वास देतात. ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅकएवन यांनी १८७८ मध्ये अशी नळी वापरून भूल दिली होती.

ही नळी दोन स्वरतंतूंच्या मधूनच जाते. तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा स्वरतंतूंच्या खाली फुगवतात, म्हणजे हवा गळत नाही आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जात नाही.

आवाज का बदलतो?

बोलताना स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते २०० वेळा थरथरतात. नळी घासून सूज आली की ते जड होतात आणि आवाज घोगरा होतो. नळी जाड असली, फुग्यात हवा जास्त भरली गेली, नळी घालायला पुन्हा प्रयत्न करावे लागले किंवा ऑपरेशन लांबलं, तर त्रास वाढतो.

बहुतेकांचा आवाज दोन-तीन दिवसांत, फार तर आठवडाभरात सुधारतो. क्वचित स्वरतंतूवर गाठ येते, स्वरयंत्रातला छोटा सांधा सरकतो किंवा एक स्वरतंतू लुळा पडतो. आयसीयूमध्ये बरेच दिवस नळी राहिली तर हा धोका जास्त.

दोष दरवेळी नळीचाच नसतो. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेलाच धक्का लागू शकतो. सिझेरियनसारखं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं असेल, तर सहसा नळी घातलेलीच नसते.

कुणी आधीच सांगावं?

जालना जिल्ह्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ आहे. गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनकार, गायक, शिक्षक, मोंढ्यात लिलाव पुकारणारे अशा सगळ्यांचं पोट आवाजावर आहे. त्यांनी ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना आपलं काम सांगावं. काही ऑपरेशनमध्ये स्वरतंतूंच्या वरच बसणारा मास्क वापरता येतो. तारीख आपल्या हातात असेल, तर पुढचे दोन आठवडे कीर्तन ठेवू नये.

गुटखा खाणाऱ्यांनी लपवू नये. त्याने तोंड कमी उघडत असेल तर नळी घालणं अवघड जातं आणि आधी तयारी लागते.

घरी काय करावं?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घोट घोट पाणी प्यावं. कमी आणि हळू बोलावं, पण कुजबुजू नये. त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. सारखं खाकरू नये. विडी-सिगारेट, तंबाखू बंद.

डॉक्टरांकडे कधी?

- श्वास घेताना आवाज येतो किंवा दम लागतो: लगेच, रात्र असली तरी.
- पाणी पिताना वारंवार ठसका लागतो किंवा थुंकीतून रक्त येतं: त्याच दिवशी.
- दोन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच आहे: कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे.

तज्ज्ञ दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात. तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं आणि भूल कोणती होती, नळी किती वेळ होती, हे सांगावं.