लहान मुलांच्या ‘तिथल्या’ तक्रारी: घरी काय करावं आणि डॉक्टरांकडे कधी जावं?

चार वर्षांची मुलगी रात्री झोपेत सारखी खाजवते. सकाळी आंघोळ घालताना आई पाहते, तर शूची जागा लाल झालेली. आजी म्हणते, “उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी दे.” शेजारीण म्हणते, “जंत असतील.” मेडिकलवाला एक ट्यूब देतो. डॉक्टरांकडे जाणं मात्र राहून जातं, कारण ‘तिथलं’ सांगायचं कसं?

अशा तक्रारी घरोघरी असतात. बहुतेक साध्या असतात आणि थोड्या काळजीने बऱ्या होतात. पण काही तक्रारी लाजेपायी लांबवल्या, तर महागात पडतात.

अहिल्यानगरचा विषय का?

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या उत्तरेकडच्या भागात कालव्याचं पाणी आणि साखर कारखाने आहेत. दक्षिणेला पाथर्डी, जामखेडसारखे दुष्काळी तालुके. तिथली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहतात. तिथे ना न्हाणीघर, ना पुरेसं पाणी. उन्हाळ्यात गावी परतावं, तर टँकरची वाट पाहायची. पाणी कमी असलं की लहान मुलांच्या स्वच्छतेवरच आधी गदा येते.

याच जिल्ह्यात या प्रश्नावर मोठं कामही झालं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. हात धुणं, पाणी स्वच्छ ठेवणं, बाळाची काळजी घेणं या गोष्टी त्यांनी घरोघरी पोहोचवल्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी गोष्ट डॉक्टरांना सांगायला लाज वाटते, ती ओळखीच्या बाईला सहज सांगता येते, हे त्या कामातून दिसलं. आज गावागावांत आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. त्यांच्याशी बोलायला हरकत नाही.

रोजची स्वच्छता कशी करावी?

कोमट, साधं पाणी पुरेसं असतं. साबण लावलाच तर सौम्य आणि फक्त बाहेरून. पाण्यात जंतुनाशक टाकणं, खसाखसा चोळणं किंवा पावडर थापणं टाळा. पावडर घड्यांमध्ये साचते आणि उडाली की बाळाच्या श्वासातही जाते. धुतल्यावर मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा.

पाण्याची टंचाई असेल तर शी-शू झाल्यावर तांब्याभर स्वच्छ पाणी आणि ओलं सुती फडकं एवढ्यावर भागतं. मात्र ते फडकं वेगळं ठेवा आणि धुऊन उन्हात वाळवा.

मुलग्यांची काळजी: कातडी मागे ओढायची का?

नाही. मालिश करताना तेल लावून रोज कातडी मागे ओढण्याची पद्धत अनेक घरांत असते. लहान वयात ही कातडी आतून चिकटलेलीच असते आणि ते नैसर्गिक आहे. वय वाढतं तशी ती आपोआप सुटते, काहींची वयात येईपर्यंतही. जोर लावला तर चिरा पडतात, व्रण राहतो आणि नसलेली अडचण तयार होते. कातडी मागे जाऊन अडकली आणि सूज आली, तर तातडीने दवाखाना गाठा.

लघवीची धार फारच बारीक असेल, शू करताना मूल रडत असेल किंवा कातडीला वारंवार सूज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या बाळाची एखादी गोटी खाली उतरलेली नसेल, तरीही तपासणी हवी.

मुलींची काळजी: काय लक्षात ठेवावं?

पुसताना किंवा धुताना हात पुढून मागे न्यावा. उलट नेला तर शीमधले जंतू लघवीच्या जागी पोहोचतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मुलीला थोडा पांढरा स्राव किंवा रक्ताचा डाग दिसू शकतो. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि थांबतंही.

काही लहान मुलींमध्ये योनीच्या बाहेरच्या कडा एकमेकींना चिकटतात. त्रास नसेल तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. हाताने सोडवायला मात्र जाऊ नका. मोठ्या मुलीला दुर्गंधी असलेला किंवा रक्ताळलेला स्राव होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी खेळताना आत गेलेला मणी किंवा कागदाचा तुकडाही त्याचं कारण असतो.

लंगोट आणि डायपरचे चट्टे

ओल्या लंगोटात बाळ जास्त वेळ राहिलं की कातडी लाल होते. लंगोट लवकर बदला, दिवसातून काही वेळ जागा उघडी ठेवा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि त्याच्याभोवती बारीक पुरळ दिसलं, तर बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं असतं.

रात्रीच खाज का सुटते?

दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत रात्री शीच्या जागी येऊन अंडी घालतात. मुलींमध्ये ते पुढच्या भागातही जातात. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, बोट तोंडात जातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यावं आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावं. नखं कापावीत, सकाळी ती जागा धुवावी, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. या मोहिमेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत मोफत गोळी मिळते. ती चुकवू नका.

उन्हाळी की इन्फेक्शन?

उन्हात खेळून पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते आणि जळजळते. भरपूर पाणी दिल्यावर ते थांबतं. पण सोबत ताप, पोटदुखी, थंडी वाजणं, लघवीत रक्त असेल किंवा अंथरूण ओलं करणं नव्याने सुरू झालं असेल, तर लघवीची तपासणी हवी. दोन वर्षांखालच्या बाळाला कधी कधी फक्त ताप आणि उलट्या एवढंच दिसतं. वारंवार होणारं आणि अर्धवट उपचार झालेलं इन्फेक्शन किडनीला इजा करू शकतं. बद्धकोष्ठता असेल तर तीही दूर करा, कारण तिच्यामुळे लघवी पूर्ण होत नाही.

मेडिकलमधली ट्यूब का नको?

दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते आणि कातडी पातळ होते. नाजूक जागी हे जास्त लवकर घडतं.

लगेच दवाखान्यात कधी न्यावं?

- अंडकोषात अचानक तीव्र वेदना किंवा सूज आली तर. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते.
- जांघेत आलेली गाठ कडक झाली आणि मूल उलट्या करत असेल तर.
- लघवी पूर्ण बंद झाली तर.
- तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर.
- त्या जागी जखम किंवा रक्तस्राव दिसला तर.

मुलांना शब्द द्या

मुलाला आपल्या अवयवांची नावं माहीत असतील, तर दुखतंय कुठे हे ते सांगू शकतं. आई-वडील आणि त्यांच्यासमोर डॉक्टर यांच्याशिवाय तिथे कुणी हात लावायचा नाही, आणि लावला तर घरी सांगायचं, हेही आंघोळ घालतानाच शिकवता येतं. मूल असं काही बोललं तर त्याला रागावू नका, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. मदतीसाठी 1098 हा मोफत क्रमांक आहे आणि अशा गुन्ह्यांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. तपासणी मोफत असते. खाज, जळजळ, गोटी, जे काही वाटत असेल ते त्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांच्यासाठी ही रोजचीच तक्रार असते.