एका खोलीतला खाजगीपणा

प्रभादेवीच्या चाळीत राहणाऱ्या, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "घरचे माझा मोबाइल उघडून पाहतात. त्यांना तसा हक्क आहे का?" प्रश्न मोबाइलचा असला तरी उत्तर खोलीच्या क्षेत्रफळापासून सुरू करावे लागते.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने प्रभादेवीशेजारच्या वरळीत, तसेच नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या बीडीडी चाळी झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. तीत आईवडील, मुले आणि पुष्कळदा गावाहून गिरणीत कामाला आलेला एखादा काका. अशा घरात खाजगीपणा भिंती देत नसत, माणसे एकमेकांना देत. सुनेला कपडे बदलायचे असले की पुरुष गॅलरीत जाऊन उभे राहत. कुणाच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप असे आणि किल्ली करगोट्याला. त्या ट्रंकेत काय आहे हे कुणी विचारीत नसे. हा समजूतदारपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत होता असे मात्र नाही. मुलीच्या नावे आलेले पत्र आधी वडील फोडीत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. पुढे शेजाऱ्यांकडे फोन आला, तेव्हा तिचे बोलणे तर चारजण ऐकत.

खाजगीपणाच्या हक्काचा इतिहास बराचसा यंत्रांचा इतिहास आहे. १८९० मध्ये अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या वकिलांनी या हक्कावर लेख लिहिला, त्यामागे झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि वृत्तपत्रे होती. आपल्याकडे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी, पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परंतु या सर्व वादांत समोर होते ते सरकार, वृत्तपत्र किंवा कंपनी. आईवडील नव्हते.

२०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा पाहा. अठराच्या आतील मुलांची माहिती वापरण्यासाठी तो कंपन्यांना पालकांची संमती घ्यायला लावतो. अठरा पूर्ण झाली की संमती मुलाची स्वतःची. पण एखाद्या व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याने वगळला आहे. म्हणजे हा कायदा उंबरठ्यावरच थांबतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय संगणक उघडण्यास मनाई आहे, आणि मोबाइल त्यात येतो. मग वडिलांनी पैसे भरलेल्या मोबाइलचा मालक कोण? आमच्या मते ताबा मुलीचा आहे, म्हणून परवानगीही तिचीच हवी. तरी आईवडिलांची भीती, विशेषतः पैशांच्या फसवणुकीची, आम्ही पोकळ मानत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथे निदान लावून घ्यायला दार आहे. आमच्या विद्यार्थिनीची चाळ अजून जुनीच आहे. तिने मोबाइलचा पासवर्ड बदलला आणि आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, "मला पाहायचे असले तर तुला विचारू?"