मेक थांबतं, शेल चालत राहतं

या रविवारचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण बिल्ड स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या कामातला आहे. स्क्रिप्टमधली एक आज्ञा फसली, तर पुढच्या आज्ञा चालवायच्या की तिथेच थांबायचं? प्रश्न साधा, पण त्याची दोन उत्तरं जवळपास पन्नास वर्षं एकाच घरात नांदतायत.

पहिलं उत्तर एका शनिवार-रविवारीच जन्माला आलं. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन वैतागून स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत आला. चूक दुरुस्त केली होती, पण बदललेली फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती, त्यामुळे अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. फेल्डमनने आदली संध्याकाळ तसल्याच भानगडीत घालवली होती. त्याने त्याच शनिवार-रविवारी 'मेक' लिहिला. मेकचा नियम असा, की आज्ञेने शून्य परत केलं तर ठीक, दुसरा कुठलाही आकडा आला तर काम बंद. चूक सोडून द्यायची असेल, तर ओळीच्या आधी उणे चिन्ह टाकून तसं स्पष्ट सांगायचं.

दुसरं उत्तर शेलचं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बॉर्न शेल आला. शेल मुळात टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी. एक आज्ञा चुकली तर माणूस संदेश वाचेल आणि काय ते ठरवेल. म्हणून शेल थांबत नाही. त्या जागी ते बरोबरच होतं!

पंचाईत पुढे झाली. मेक प्रत्येक ओळ शेलकडूनच चालवून घेतो. थांबणाऱ्याच्या पोटात न थांबणारा. चार उपफोल्डरांतून फिरणारं फॉर लूप एका ओळीत लिहा. पहिल्या फोल्डरात कंपाईल फसलं आणि चौथ्यात जमलं, तर लूप शून्य परत करतं. मेकला वाटतं, सगळं आलबेल. डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत ४.६ हे कलम खास याच विषयावर आहे : मेकफाईलच्या एका आज्ञेत एकापेक्षा जास्त शेल आज्ञा घातल्या, की चूक पकडण्याची जबाबदारी तुमची.

यावरचा उतारा म्हणजे 'सेट -ई', म्हणजे चूक दिसली की शेलने बाहेर पडायचं. आरपीएम बिल्डचे टप्पे शेलला -ई लावूनच चालवतो. पण या उताऱ्यालाही पळवाटा आहेत. 'इफ'च्या अटीत किंवा && आणि || यांच्या डाव्या बाजूला फसलेली आज्ञा त्याच्या हिशेबात धरली जात नाही. एखादं फंक्शन अशा ठिकाणी बोलावलं, तर त्याच्या आतल्या चुकाही सुटतात. आम्हा काशीगावकरांना हे लगेच कळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. नाका होता तिथेच होता, फक्त आमच्या मोटारी अडवल्या जात नव्हत्या. 'इफ'मधला सेट -ई तसाच.

पाईपची गोष्ट तर आणखी जुनी. पाईप १९७३ मध्ये आला, आणि त्याचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो, तिथे रात्रीच्या बिल्डची नोंद ठेवायला मेकचं आउटपुट पाईपमधून 'टी'ला दिलं होतं. मेक फसला तरी टी आपलं काम चोख करायचा आणि शून्य परत करायचा. तीन रात्री बिल्ड यशस्वी दिसलं, आणि ग्राहकाकडे जुनीच फाईल गेली. यावरचा 'पाईपफेल' हा पर्याय बॅशमध्ये २००४ साली, ३.० आवृत्तीत आला. पॉसिक्स प्रमाणात शिरायला त्याला २०२४ उजाडलं. पाईपनंतर ५१ वर्षांनी!

जेंटूवाल्यांनी वेगळी वाट धरली होती. महत्त्वाच्या प्रत्येक आज्ञेपुढे हाताने '|| डाय' लिहायचं. पण माणूस म्हटला की विसरणार. म्हणून २०११ मध्ये, त्यांच्या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत, तयार मदतनीस आज्ञा चुकल्यावर आपोआप थांबू लागल्या. ज्याला पुढे जायचंय त्याने 'नॉनफेटल' असं लिहायचं. म्हणजे फिरून फेल्डमनच्याच नियमापाशी : थांबणं हा रिवाज, चालू ठेवणं हा अपवाद.

हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमची स्क्रिप्ट गाजली. त्यातली 'सीडी' आज्ञा फसली की फोल्डरच्या नावाचं व्हेरिएबल रिकामं राहायचं, आणि पुढची 'आरएम -आरएफ' थेट मुळापासून पुसायला घ्यायची. लोकांच्या घरच्या फाईली गेल्या. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या वर 'भीतिदायक' अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता. भीती वाटली होती, पण तपासणी घातली नव्हती.

माझ्या मते मुद्दा एवढाच. शेल समोरच्या माणसावर भिस्त ठेवतो, आणि पॅकेज बांधलं जातं तेव्हा समोर कुणीच नसतं. फसलेल्या आज्ञेचा भुर्दंड पडतो तो पॅकेज बसवणाऱ्या अनोळखी माणसाला. त्यामुळे सेट -ई लावा, पाईपफेल लावा, लूपमध्ये प्रत्येक फेरीचा निकाल बघा. आणि '|| ट्रू' लिहून चूक गिळायची वेळ आलीच, तर ती का गिळली हे शेजारी एका ओळीत लिहा. कारण लिहिता आलं नाही, तर ती चूक गिळण्याजोगी नाही, असं समजा.