एक गाभा, दोन वितरणे : स्लॅकवेअर आणि डेबियन

लिनक्सचे कोणते वितरण श्रेष्ठ, हा वाद वस्तुतः गाभ्याविषयीचा नव्हे. गाभा सर्वांचा एकच. १९९१ साली लिनस टॉरव्हल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या या गाभ्याला ग्नू प्रकल्पाची साधने जोडून चालती ऑपरेटिंग सिस्टिम सिद्ध करणे सामान्य उपयोगकर्त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ती जुळणी १९९२ साली ‘सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम’ने आयती करून दिली, परंतु तीत दोष फार राहिले. १९९३ साली पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी तीच दुरुस्त करून स्लॅकवेअर काढले. इयन मर्डॉक यांनी ती बाजूस सारून त्याच वर्षी डेबियनची नवी मांडणी आरंभिली. (डेब्रा आणि इयन या दोन नावांपासून साधलेला हा शब्द व्युत्पत्तिप्रेमींना रुचावा.)

स्लॅकवेअरमध्ये अखेरचा निर्णय एकाच व्यक्तीचा राहिला. एका प्रोग्रामला दुसरे कोणते प्रोग्राम लागतात, हे पाहण्याचा भारही तेथे उपयोगकर्त्यावरच असतो. चाहते यालाच गुण मानतात, आणि ज्याला यंत्राचे अंतरंग शिकावयाचे आहे त्याच्यापुरते ते खरेही आहे. डेबियनमध्ये हे अवलंबित्व प्रणालीच सांभाळते, आणि १९९८ साली स्वीकारलेल्या घटनेनुसार प्रकल्पप्रमुख मतदानाने निवडला जातो. ज्या संस्थेला अनेक यंत्रे वर्षानुवर्षे चालवावयाची आहेत, तिने आपली निवड एका माणसाच्या उत्साहावर सोपविणे धोक्याचे होय. २००४ साली उबुंटूने आधार घेतला तो डेबियनचा. स्लॅकवेअरची १५.० ही आवृत्ती २०२२ साली निघाली. तिच्या आधीची १४.२ ही २०१६ सालची होती.